खुब्यातला धातू आणि हृदयाचा ताल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते स्वतः डॉक्टर होते, म्हणून यंदा वैद्यकातला विषय असावा असे संयोजकांनी सुचवले. मी फिजिशियन आहे, शस्त्रक्रिया करत नाही. तरी विषय निवडला तो खुब्याच्या सांध्याचा, कारण क्वचित कधी हा सांधा हृदयविकाराचे रूप घेऊन आमच्या दारात येतो आणि आम्ही त्याला ओळखत नाही. सुरुवात मात्र बिअरपासून करावी लागणार आहे. व्याख्यानमालेच्या परंपरेला ते शोभत नसेल, पण इलाज नाही.

१९६५च्या उन्हाळ्याअखेर कॅनडातल्या क्वेबेक शहरात इस्पितळांकडे एक विचित्र प्रकारचा रुग्ण येऊ लागला. पुरुष, बहुधा चाळिशी-पन्नाशीचा, भरपूर बिअर पिणारा. दम लागलेला, ओठ निळे, हृदय सुजून मोठे झालेले, त्याच्याभोवती पाणी साठलेले, नाडी धावत असलेली. ईसीजीवरच्या लाटा लहान पडलेल्या आणि टी लाट सपाट किंवा उलटी. दारुड्यांचे हृदय खराब होते हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण ते वर्षानुवर्षांनी. इथे माणसे दिवसांत कोसळत होती. जीवनसत्त्व ब-१च्या अभावाने होणारा बेरीबेरी असावा म्हणून ते देऊन पाहिले, गुण आला नाही. पुढच्या वसंतापर्यंत सुमारे पन्नास रुग्ण झाले आणि त्यांतले किमान वीस दगावले. इव्ह मोरँ या हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या साऱ्यांची बारकाईने नोंद ठेवली म्हणून आज आपल्याला हे सांगता येते. धागा हाती लागला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर, आणि तोही हृदयात नाही, थायरॉइड ग्रंथीत. ग्रंथीतले बदल कोबाल्टच्या विषबाधेत दिसतात तसे होते.

कोबाल्ट बिअरमध्ये कुठून आला? त्या काळात ग्लास धुवायला नवी डिटर्जंट आली होती. त्यांचा अंश ग्लासला राहिला की बिअरचा फेस बसतो, आणि बसलेल्या फेसाची बिअर गिऱ्हाइकाला शिळी वाटते. फेस टिकावा म्हणून डाऊ नावाच्या मद्यनिर्मात्याने किंचित कोबाल्ट क्षार घालायला सुरुवात केली होती. क्षार बंद केला, साठा सेंट लॉरेन्स नदीत ओतून दिला, आणि नवे रुग्ण येणे थांबले. अमेरिकेत ओमाहा आणि मिनिआपोलिस इथे, बेल्जियममध्ये लूव्हन इथेही असेच रुग्ण सापडले. कारण तेच.

या प्रकरणातला सगळ्यांत बोधक भाग पुढे आहे. कोबाल्टचा क्षार तेव्हा औषध म्हणूनही दिला जात असे. रक्त वाढवण्यासाठी, विशेषतः मूत्रपिंडाच्या रुग्णांना. त्या औषधाचा डोस अट्टल बिअरबाजाच्या पोटात जाणाऱ्या कोबाल्टपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तरीही ते औषध घेणाऱ्यांची हृदये अशी धडाधड निकामी झाली नव्हती. म्हणजे नुसता कोबाल्ट पुरेसा नव्हता. जेवणाऐवजी बिअर, शरीरात प्रथिनांची चणचण, आधीच दारूने शिणलेला हृदयाचा स्नायू, अशी जमीन तयार होती. कोबाल्ट तिच्यावर पडला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण दोन माणसांच्या रक्तात कोबाल्ट सारखाच असताना एकाचे हृदय ढासळते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे कोडे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

क्वेबेकच्या डॉक्टरांचे लेख १९६७मध्ये छापून आले. योगायोग असा, की त्याच वर्षी सुसुमु हागिवारा या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने समुद्रातल्या बार्नकल या कवचधारी जीवाच्या स्नायूवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम ज्या दारातून शिरते, ते दार कोबाल्ट अडवतो असे त्यांत दिसले. कोबाल्टच्या आयनावर कॅल्शियमइतकाच विद्युतभार असतो. तो त्या दारात येऊन बसतो, पण आत सहजी जात नाही. तेव्हापासून प्रयोगशाळेत कॅल्शियमचा प्रवाह थांबवायचा असला की शास्त्रज्ञ कोबाल्ट वापरत आले आहेत. एका देशात रुग्ण मरत होते, दुसरीकडे कुणी खेकड्याच्या नातेवाइकावर काम करत होते, आणि दोघांच्या हातात एकच मूलद्रव्य होते. त्यांना एकमेकांची खबर असण्याचे काही कारण नव्हते.

आता हृदयाचा ताल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. ठोका तिथे सुरू होतो आणि तो सुरू होतो कॅल्शियम आत शिरल्यामुळे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधला जो थांबा, तिथेही कॅल्शियमच लागते, आणि स्नायू आकसायलाही तेच लागते. तेव्हा कॅल्शियमचे दार अडवणारा धातू रक्तात फिरू लागला तर ठोके मंद व्हायला हवेत, असा तर्क कुणीही करील. प्रत्यक्षात कोबाल्टने आजारी झालेल्या माणसाची नाडी बहुधा जलद असते. तर्क आणि रुग्ण यांच्यात अशी गाठ पडली की डॉक्टराने रुग्णाची बाजू घ्यावी. प्रयोगशाळेत दार अडवायला जेवढा कोबाल्ट ओततात, त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा वाईटातल्या वाईट सांध्याच्या रुग्णाच्या रक्तात क्वचितच असतो. खरे नुकसान दुसऱ्या वाटेने होते. कोबाल्ट हृदयाच्या पेशींत साठत जातो आणि मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे जिथे पेशीची ऊर्जा तयार होते तिथल्या, महत्त्वाच्या विकरांना निकामी करतो. स्नायू दुबळा होतो, कप्पे ताणले जातात, आणि कमी पडणारे रक्त भरून काढायला शरीर ठोके वाढवते. ताणलेल्या कप्प्यात वीज वेडीवाकडी फिरू लागली की मग खरे बेताल ठोके: वरच्या कप्प्यात फिब्रिलेशन (नुसती थरथर), खालच्या कप्प्यात त्याहून धोक्याचे काही. थायरॉइडही कोबाल्टमुळे मंदावते आणि ती मंदावली की ठोके उलट कमी होतात. एकाच विषाचे दोन अवयवांवरचे परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ईसीजी वाचणारा चकतो.

म्हणून या विषयात ताल बिघडणे हे बहुतेक वेळा दुबळ्या झालेल्या स्नायूचे लक्षण असते. त्याकडे केवळ विजेचा बिघाड म्हणून पाहिले आणि ठोके आवरणाऱ्या गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर मूळ कारण खुब्यात तसेच झिजत राहते.

तर, खुबा. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. तो झिजला की माणूस लंगडतो, रात्री कुशीवर वळताना जागा होतो, हळूहळू घराबाहेर पडणे सोडतो. इंग्लंडात लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये ज्या रूपात कृत्रिम सांधा बसवला, तो आजच्या सांध्यांचा खरा पूर्वज: पोलादाचा २२ मिलिमीटरचा लहान गोळा, चिवट प्लॅस्टिकची वाटी, आणि दोन्ही हाडात बसवायला ॲक्रिलिक सिमेंट. चार्नली हा माणूस मला फार आवडतो. या सांध्याआधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले होते, तेच ते न चिकटणाऱ्या तव्यावरचे. सुमारे तीनशे रुग्णांत ते बसवले आणि दोन-तीन वर्षांत ते भराभर झिजून सांध्याभोवती गाठी झाल्या. चार्नलींनी टेफ्लॉनचा भुगा इंजेक्शनने स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, गाठ कशी होते ते पाहिले, आणि ते जाहीर छापले. रुग्णांना त्यांनी पुन्हा पुन्हा बोलावून तपासले. पुढे ज्या कंपनीची गोष्ट सांगायची आहे, तिच्याकडे चार्नलींपेक्षा हजारपटींनी पैसा होता.

चार्नलींच्या प्लॅस्टिकलाही झीज होतीच. पंधरा-वीस वर्षांत त्याचे कण हाडाला पोखरत आणि सांधा ढिला होई. सत्तरीच्या रुग्णाला ते चालून जाई. चाळिशीच्या रुग्णाचे काय? म्हणून नव्वदच्या दशकात धातूवर धातू ही जुनी कल्पना नव्याने पुढे आली. गोळाही धातूचा, वाटीही धातूची, मिश्रधातू कोबाल्ट-क्रोमियमचा. त्यात साठ टक्क्यांहून अधिक कोबाल्ट असतो. गोळा मोठा ठेवता येतो, त्यामुळे तो सहजी निखळत नाही. तरुण रुग्णाला धावता येईल, आणि आपल्याकडचे रुग्ण नेहमी विचारतात ते, म्हणजे मांडी घालून बसता येईल, असे आश्वासन देता येऊ लागले. यंत्रावर घासून पाहिले तर झीज प्लॅस्टिकच्या मानाने नगण्य. कागदावर सगळे उत्तम होते.

कागदावर झीज मोजली होती वजनाने. शरीराला मात्र कणांची संख्या सोसावी लागते. धातूचे कण इतके सूक्ष्म, की थोड्याशा वजनात त्यांची संख्या अब्जांच्या पलीकडे जाते, आणि इतक्या सूक्ष्म कणांचा पृष्ठभाग प्रचंड असल्याने ते शरीरातल्या द्रवात विरघळून कोबाल्टचे आयन सोडत राहतात. प्लॅस्टिकचा कण सांध्याजवळ पडून राहतो. कोबाल्टचा आयन रक्तात जाऊन साऱ्या शरीरात हिंडतो. त्यात गोळा ज्या खुंटीवर ठोकून बसवतात तिथेही धातू धातूला घासतो आणि गंजतो. ही बाब अनेकांच्या लक्षातच आली नव्हती.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने एएसआर नावाचा सांधा २००३पासून बाजारात आणला. त्याची वाटी अर्ध्या गोलापेक्षाही उथळ होती. बसवताना कोन जरा इकडेतिकडे झाला की गोळा वाटीच्या कडेवर घासे. हे लक्षात आणून दिले ऑस्ट्रेलियाने. तिथे १९९९मध्ये सुरू झालेल्या नोंदवहीत देशभर बसवलेल्या प्रत्येक सांध्याची एका जागी नोंद होते: कुठल्या बनावटीचा, केव्हा बसवला, केव्हा काढावा लागला. २००७पासून ती नोंदवही सांगत होती, की एएसआर इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे. २००९च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून गेला आणि ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात तो बसला होता. इंग्लंडच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे काढावे लागत होते. १९६२ साली सुरू झालेल्या कलेची २०१०मध्ये अशी अवस्था व्हावी, याला मी अपघात म्हणायला तयार नाही.

एएसआरच्या हृदयावरील परिणामांकडे लक्ष वेधणारे एक महत्त्वाचे नाव आहे अलास्कातल्या स्टीव्हन टॉवर यांचे. ते स्वतः सांधे बदलणारे शल्यविशारद, आणि २००६मध्ये त्यांनी स्वतःच्या खुब्यात एएसआर बसवून घेतला होता. पुढे कान वाजू लागले, झोप उडाली, हात थरथरू लागले, हृदय पुरेसे सैल पडेना. एका परिषदेसाठी गेले असताना त्यांचे मन इतके भरकटले, की हॉटेलच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी लिखाण केले. हे त्यांनीच एका माहितीपटात सांगितले आहे. त्यांच्या रक्तात कोबाल्ट लिटरमागे १२२ मायक्रोग्रॅम निघाला. निरोगी माणसात तो एकाच्याही आत असतो. सांधा काढला आणि तब्येत सुधारली. २०१०मध्ये त्यांनी ते लिहिले. अस्थिशल्यकांच्या नियतकालिकात हृदयाची आणि मेंदूची लक्षणे छापून येणे ही तेव्हा नवलाईच होती.

जर्मनीतल्या मारबुर्गची हकिगत याहून नाट्यमय आहे. २०१२मध्ये तिथे ५५ वर्षांचा एक माणूस आला. हृदयाचे पंपिंग २५ टक्क्यांवर, ताप, थायरॉइड मंद, बहिरेपणा वाढत चाललेला, दृष्टी जवळजवळ गेलेली. प्रत्येक अवयवाचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकाचे निदान वेगळे. युर्गन शेफर हे तिथले प्राध्यापक विद्यार्थ्यांना दूरचित्रवाणीवरच्या ‘हाउस’ मालिकेतून निदानशास्त्र शिकवत असत. मालिकेच्या एका भागात कृत्रिम खुब्यातल्या कोबाल्टने आजारी पडलेली रुग्ण होती, आणि नेमका तोच भाग त्यांनी वर्गात घेतला होता. समोरच्या माणसाच्या खुब्याचे काय झाले ते त्यांनी विचारले. २०१०मध्ये त्याचा सिरॅमिकचा सांधा फुटला होता आणि जागी धातूचा गोळा बसवला होता. सिरॅमिकचे उरलेले तुकडे धातूच्या गोळ्याला दोन वर्षे कानशीसारखे घासत होते. रक्तातला कोबाल्ट सामान्याच्या सुमारे हजारपट. पुन्हा सिरॅमिकचा सांधा बसवला, पंपिंग चाळीस टक्क्यांपर्यंत आले. कान आणि डोळे मात्र फारसे सुधारले नाहीत. लॅन्सेटने २०१४मध्ये ही हकिगत छापली तेव्हा वर्तमानपत्रांनी मालिकेचे कौतुक केले. मला त्यात कौतुकाचे फार दिसले नाही. करमणुकीच्या मालिकेच्या लेखकाला जे सुचले, ते अनेक तज्ज्ञांना का सुचू नये?

त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी एका ५९ वर्षांच्या बाईंचे प्रकरण मांडले. दोन्ही खुब्यांत एएसआर. हृदय इतके गेले, की प्रत्यारोपण करावे लागले. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी म्हटले होते, की रुग्णाच्या पूर्वेतिहासातले काही विचारायचे राहून गेले. आमच्या धंद्यात इतका सरळ कबुलीजबाब फारसा छापला जात नाही.

आता तुमच्या मनात आले असेल, की एवढा धोका असेल तर घरच्या आजीचा खुबा काढून टाकावा का? थांबा. या हकिगती खऱ्या आहेत, पण त्या उठून दिसतात म्हणून छापल्या गेल्या. हजारो रुग्णांना एकत्र पाहिले की चित्र बरेच सौम्य होते. ब्रिटनमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी २०१३मध्ये पस्तीस रुग्ण तपासले. तक्रार कुणाचीच नव्हती. हृदयाचे पंपिंग तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा थोडे कमी होते, इतकेच. ऑस्ट्रेलियातल्या माजी सैनिकांच्या नोंदींत, २०१७च्या अभ्यासानुसार, मोठ्या गोळ्याचा एएसआर बसवलेल्या पुरुषांना हृदय निकामी होऊन इस्पितळात जावे लागण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. धातूवर धातूच्या इतर बनावटींत ते वाढलेले दिसले नाही. फ्रान्सच्या मोठ्या अभ्यासात वाढ होती, पण अगदी थोडी. इंग्लंडच्या नोंदवहीवर आधारलेल्या अभ्यासाला संबंध सापडलाच नाही. माझे मत असे, की या निष्कर्षांत विरोध नाही. धोका ‘धातूच्या खुब्याला’ सरसकट चिकटलेला नाही. तो चुकीच्या बनावटीच्या, चुकीच्या कोनात बसलेल्या किंवा तुकड्यांनी घासल्या जाणाऱ्या सांध्याला आहे, आणि अशा सांध्यातून रक्तात उतरणारा कोबाल्ट ज्याला सोसवत नाही अशा माणसाला आहे. ज्याची मूत्रपिंडे मंद तो अशा माणसांत पहिला, कारण कोबाल्ट बाहेर पडतो तो लघवीतून. आपल्याकडे मधुमेहाने मूत्रपिंडे शिणलेल्यांची संख्या पाहता हे विसरून चालणार नाही. उपासमार झालेला, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलेला माणूस दुसरा. क्वेबेकच्या बिअरबाजाचे कोडे इथे पुन्हा भेटते. तालाच्या बिघाडापुरते बोलायचे तर पुरावा आणखी पातळ आहे. हृदय दुबळे होण्याआधी निव्वळ ठोके बिघडले, अशी उदाहरणे विरळाच.

आणि धडधडीला कारणे शंभर असतात. सांधा बदलल्यानंतर पहिल्या दिवसांत ठोके वाढले तर आधी रक्तस्राव, फुप्फुसात गेलेली गुठळी, जंतुसंसर्ग, कमी झालेले पोटॅशियम पाहावे लागते. सत्तरीनंतरचे फिब्रिलेशन बहुधा वयाचे आणि रक्तदाबाचे असते. शिवाय आज बसवले जाणारे बहुतेक खुबे धातूवर धातूचे नाहीत. गोळा सिरॅमिकचा किंवा धातूचा, वाटी सुधारित प्लॅस्टिकची. ‘आत स्टील आहे’ या शब्दांवरून काहीच कळत नाही. गुडघ्याच्या सांध्यातही कोबाल्टचा मिश्रधातू असतो, पण तो प्लॅस्टिकवर फिरतो. अमेरिकेच्या बाजारात २०१६पासून धातूवर धातूचा संपूर्ण खुबा मंजूर अवस्थेत राहिलेला नाही. प्रश्न आहे तो २००३ ते २०१०च्या आसपास बसवलेल्या आणि अजून आत असलेल्या सांध्यांचा.

शंका आली तर तपास अवघड नाही. रक्त घेताना साधी स्टीलची सुई आणि साधी बाटली टाळलेली बरी, सुईतूनही धातू नमुन्यात उतरू शकतो. प्लॅस्टिकची नळी आणि खास बाटली लागते. ब्रिटिश नियामकाने लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही लक्ष ठेवण्याची रेषा धरली. हृदय, कान, मेंदू बिघडलेले रुग्ण बहुतेक शंभराच्या वर होते, पण सगळेच नव्हे. सोबत ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन. कोबाल्टने हिमोग्लोबिन वाढते. हृदयरोग्यात विनाकारण वाढलेले हिमोग्लोबिन आणि मंद थायरॉइड एकत्र दिसले तर डॉक्टराने खुर्चीत सावरून बसावे. उपाय म्हणजे धातूचा उगम काढून टाकणे. धातू बांधून बाहेर काढणारी औषधे आहेत, पण घासणारा सांधा तसाच ठेवून ती देणे हा वेळकाढूपणा.

भारतात २००६पासून एएसआर सांधा आयात होऊ लागला आणि सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला. त्यांत मुंबईचे रुग्ण पुष्कळ होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी पोलिसांत तक्रार नोंदवली आणि दिल्लीला कळवले, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. केंद्रीय नियामकाचा देशभरासाठीचा इशारा निघाला डिसेंबर २०१३मध्ये, जगातून माल परत बोलावल्यानंतर तीन वर्षांनी. २०१७मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१८मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षअखेरीस वय आणि अपंगत्व पाहून ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले. मग प्रकरण न्यायालयात. अमेरिकेत डीप्यूने २०१३मध्येच सुमारे आठ हजार रुग्णांशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली होती.

पैशाच्या हिशेबापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. भरपाई द्यायची ठरली तेव्हा या ४,७०० जणांपैकी तीन हजारांहून अधिक लोक सापडतच नव्हते. त्यांतला कुणी सोलापुरात, कुणी चिपळुणात, कुणी मुलाकडे परदेशात असेल. कुणाला दम लागत असेल आणि तो वयाचा म्हणून सोडून दिला जात असेल. स्वीडनने खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९मध्ये सुरू केली. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंद ऐच्छिक आहे, आणि उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम २०१५मध्ये सुरू झाला, तोही कुणी कळवले तरच चालतो. मोबाइलचा प्रत्येक नंबर कुणाच्या नावावर आहे ते ज्या देशाला क्षणात सांगता येते, त्याला कुणाच्या हाडात काय बसवले आहे ते सांगता येऊ नये? सांध्याची नोंद सक्तीची करा, ही मागणी इथून जाताना आपल्या आमदार-खासदारांकडे करायला हरकत नाही.

सरकारची वाट न पाहता करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगून थांबतो. इथे बसलेल्या डॉक्टरांना विनंती, की कारण न सापडलेला दुबळा हृदयस्नायू किंवा नव्याने बिघडलेला ताल समोर आला, तर औषधांच्या यादीबरोबर एक प्रश्न विचारा: अंगात कुठे धातू बसवला आहे का, कोणत्या बनावटीचा, कोणत्या साली? त्याला अर्धा मिनिट लागतो. आणि ज्यांच्या घरी सांधा बदललेला माणूस आहे त्यांनी आज रात्री फाइल उघडून पाहावी. शस्त्रक्रियेच्या नोंदीवर किंवा डिस्चार्ज कार्डावर सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर बहुधा चिकटवलेले असते. त्यावर कंपनीचे नाव, बनावट आणि लॉट क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून मुलाकडे, सुनेकडे, नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. स्टिकर नसेल तर इस्पितळाकडे लेखी मागा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. खुबा २००३ ते २०१०मधला असेल आणि दम, धडधड, कान वाजणे यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल, तर ते कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारले नाही तरी खुब्याचे सांगा.